गादीवाल्या भावजींचं नाक

एका विटेची भिंत असली की माणसाने कान ठेवायचे कुठे? आमच्या आणि धाकट्या जावेच्या स्वयंपाकघरामध्ये तेवढीच एक भिंत होती. त्या दुपारी मी बटाटे सोलत बसले होते, आणि पलीकडून धाकटीचा आवाज आला.

"मला एकदा तोंडावर सांगा. मला वास येतो का?"

पलीकडे भावजींनी पाट सरकवला.

"मी काहीतरी विचारतेय."

"तसं नाही गं."

"मग कसं? लग्नाची बायको खोलीत आणि तुम्ही खाली दुकानातल्या लाकडी बाकावर. का?"

"पाठीला बरं असतं."

"मग पाठ माझ्याकडे करून झोपा की! मी काही तोंड बघायला मागत नाही. पण झोपा खोलीत!"

पुढे भांडं आपटल्याचा आवाज आला आणि मग नळाचा. आमच्या घरात बायका रडायच्या आधी नळ सोडतात. मी हातातला बटाटा तसाच धरून बसले. पलीकडे जाऊन मध्ये पडावं असं वाटलं, पण नवराबायकोच्या अशा भांडणात तिसऱ्याने काय बोलायचं? "हो हो, तुला वास येत नाही" असं मी भिंतीआडून ओरडून सांगायचं का?

हे भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. आम्ही वरच्या मजल्यावर शेजारी शेजारी राहायचो आणि खाली त्यांचं दुकान होतं. दुकानात गाद्या, उशा, रजया, सगळं भाड्याने मिळायचं. एरवी वर्षभर त्या गाद्या मांडणीवर झोपा काढायच्या. कुणाकडे लग्न निघालं, कुणी आजारी पडलं, तर दोनचार जायच्या. पण थंडीतल्या सुट्ट्या लागल्या की गावातल्या प्रत्येक घराला पाहुणे फुटायचे. शाळा बंद, ऑफिसं बंद, आणि जो तो उठून दुसऱ्याच्या घरी झोपायला निघालेला. मग दुकानासमोर रांग लागायची आणि आठवडाभरात मांडण्या रिकाम्या व्हायच्या.

जाताना गादी स्वच्छच जायची हो. भावजींनी उन्हात तापवलेली, छडीने बडवलेली, धुतलेल्या अभ्र्यातली. तिच्यावर झोपावंसं वाटायचं. प्रश्न परत येताना असायचा.

मी इतकी वर्षं त्या दुकानाच्या डोक्यावर राहिले. चांगल्या घरची माणसं गादीवर काय काय करतात ते मी सांगत बसले तर तुमच्या घशाखाली घास उतरायचा नाही. पण थोडं सांगते, नाहीतर भावजी कळायचे नाहीत. लहान मुलांचं सोडा, ती बिचारी करणारच. पण मोठी माणसं गादीवर बसून जेवायची आणि तेलकट हात कडेला पुसायची. नखं कापून शिवणीच्या फटीत सारायची. एका गादीच्या घडीत चघळलेली हाडं निघाली, आणि ती गादी वकिलाकडून आली होती. एकदा उशीच्या खोळीत दातांची कवळी निघाली. भावजी ती परत द्यायला गेले, तर त्या घरातले म्हणाले, "आमची नव्हेच." म्हणजे त्यांचा म्हातारा तोवर बिनदातांचा बसला होता, पण कबूल करायची लाज! कुणी जास्त पिऊन गादीवर ओकलेला असायचा आणि घरच्यांनी वर अत्तर शिंपडलेलं असायचं. ओकारी आणि अत्तर यांचा मिळून जो वास होतो ना, त्याला माझ्याजवळ शब्द नाही. देव करो आणि तुमच्याजवळही नसो.

घाण ही घाण असते, ती धुता येते. मला शिसारी यायची ती खोटेपणाची. गादी परत घ्यायला गेलं की दारातली बाई आधीच सांगायची, "आमच्याकडे लहान मूल नाहीच हो." कुणी विचारलंय? डाग पडलेली बाजू आत घालून गुंडाळी करायची, वर अंगाला लावायची पावडर मारायची, दोरी अशी घट्ट आवळायची की गाठ सुटू नये. आणि दोन दिवसांनी भावजी बोलायला गेले तर, "गादी आलीच तशी होती."

म्हणून त्यांनी आपली एक पद्धत पाडून घेतली होती. गुंडाळी दारातच उलगडायची, घरच्यांच्या देखत. मधोमध तळहात दाबून ओल बघायची. मग गुडघ्यावर बसून उशाकडून पायथ्यापर्यंत नाक फिरवायचं. चालण्यासारखी असली तर उठून म्हणायचे, "चालेल." नसली तर, "धुवायला पडेल." त्याच्यापुढे एक अक्षर नाही, रागावणं नाही. पण ते नाक फिरत असताना घरातली माणसं अशी उभी राहायची की जणू त्यांच्या पोटातलंच कुणी हुंगतंय. पोरं त्यांना "नाकोबा" म्हणायची, मोठी माणसंही पाठीमागे तेच म्हणायची.

आता असं नाक घेऊन माणूस घरी आला की काय होणार? सुट्ट्यांचा मोसम सुरू झाला की भावजींचं जेवण सुटायचं. ताट समोर आलं की आधी वास, मग घास, आणि बहुतेकदा नुसता वासच. दूध पुढे केलं तर तोंड फिरवायचे. टॉवेल स्वतःचा वेगळा, पेला वेगळा. खिशात संत्र्याची साल ठेवायचे आणि पाच पाच मिनिटांनी नाकाला लावायचे. कुणी जवळ येऊन बोललं की एक पाऊल मागे. कुणी गादीवर पाय पसरून बसलं, तरी यांच्या कपाळावर घाम. आणि बाकावर झोपणं हे त्यातलंच. आधी फक्त मोसमात झोपायचे, मग मोसमाच्या पुढे मागे, मग कायमच. बाकावर कापूस नाही, कापड नाही, नुसतं लाकूड. लाकडाला माणसाचा वास लागत नाही म्हणायचे.

धाकटीने त्यांना ओढत डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण होता, हसतमुख होता. म्हणाला, "सुट्ट्यांच्या दिवसांत असं पुष्कळांना होतं. कामाचा ताण आहे. ताण वाढला असं वाटलं की डोळे मिटायचे आणि खोल श्वास घ्यायचा." भावजी घरी येऊन मला म्हणाले, "वहिनी, तो म्हणतो खोल श्वास घ्या. मी दिवसभर दुसरं काय करतो?" मी इतकी हसले की मला उचकी लागली. मग तेही हसले. मोसमातलं त्यांचं ते एकच हसू मला आठवतंय.

आता त्या वर्षाचं सांगते.

धाकटीचा थोरला भाऊ सरकारी खात्यात मोठ्या हुद्द्यावर होता. आम्ही त्यांना साहेबच म्हणायचो. बहिणीने गादीवाल्याशी लग्न केलं हे त्यांच्या नाकाला झोंबलं होतं, त्यामुळे लग्नानंतर त्यांनी या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. त्या वर्षी काय वाटलं कोण जाणे, सुट्टीत बायकोला घेऊन राहायला येतो म्हणून निरोप पाठवला. धाकटीला हर्षवायू व्हायचाच बाकी होता. भिंतींना चुना काय लावला, पडदे काय शिवले. मला म्हणाली, "जाऊबाई, एवढं एक माझं नीट पार पडू दे. आणि यांना तुम्ही सांगा, तुमचं ऐकतात. माझ्या भावासमोर हे नाक नको. जर का माझी मान खाली घालायला लावली, तर मी भावाच्याच गाडीतून जाईन, आणि मग बसा म्हणावं आपलं लाकूड हुंगत."

मी भावजींना सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, मी काय लहान आहे? कळतं मला."

साहेब आले, साहेबीणबाई आल्या. बाई अंगाने भरलेल्या, गोऱ्यापान, बोलायला कमी. एका जागी फार वेळ बसायच्या नाहीत, सारख्या उठून आत जायच्या. मला काही वेगळं वाटलं नाही. पहिला दिवस छान गेला. भावजी साहेबांच्या शेजारी बसून जेवले, अगदी घास घेऊन. धाकटी नुसती इकडून तिकडे तरंगत होती. पाहुण्यांना तिने नवी कोरी गादी घातली. भावजींनी त्या रात्रीसाठी स्वतःच्या हाताने शिवली होती. मोसमात एकेक गादीची मारामार असताना तीन गिऱ्हाइकांना नाही म्हणून ती घरी ठेवली होती, हे मला ठाऊक आहे.

सकाळी काय झालं ते ऐका. साहेब बाहेरच्या खोलीत पेपर वाचत चहा घेत होते. मी गरम पाव द्यायला म्हणून गेले होते, म्हणून माझ्या डोळ्यांदेखत झालं. साहेबीणबाईंनी लवकर उठून अंथरूण आपल्या हाताने आवरलं होतं आणि गादी गुंडाळून दाराशी उभी करून ठेवली होती. वर दोरी बांधलेली, चांगली घट्ट. भावजी खालून आले ते हातगाडीच्या कुलपाची किल्ली घ्यायला. मोसमाची सकाळ, डोक्यात पन्नास घरं, डोळ्यांवर झोप. आणि समोर दाराशी गुंडाळलेली गादी.

त्यांनी गाठ सोडली. गादी उलगडली. मधोमध तळहात ठेवला. मी म्हणाले, "भावजी!" पण त्यांना ऐकूच आलं नाही. गुडघ्यावर बसले आणि उशाकडून पायथ्यापर्यंत नाक फिरवलं. आणि उठून हात झटकत म्हणाले, "धुवायला पडेल. आणि वर पावडर कशाला मारली?"

साहेबांच्या हातातला कप बशीवर वाजला. धाकटी आतल्या दारात उभी होती, तिच्या तोंडाचा रंग भिंतीच्या चुन्यासारखा झाला. आणि साहेबीणबाई! त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि भिंतीकडे वळल्या. एवढी मोठी बाई, पण शाळेतल्या पोरीसारखी उभी.

"हा काय प्रकार आहे?" साहेब म्हणाले.

भावजींनी इकडे तिकडे बघितलं. तेव्हा कुठे त्यांना आपण कुठे आहोत ते कळलं. "मला वाटलं," ते म्हणाले, "मला वाटलं परत आली."

तासाभरात गाडी निघाली. धाकटी तिच्या ट्रंकेसकट आत बसली होती. भावजी गाडीच्या खिडकीशी गेले, तर तिने काच वर केली.

आता लोक म्हणतील, आठवडाभरात येईल. मोसम ऐन भरात होता, भावजी हातगाडी घेऊन दारोदार फिरत होते, आणि ती काही येत नव्हती. मी जेवायला बोलवायचे तर ताटावर बसायचे आणि उठायचे. एकदा तर माझ्या मोरीत जाऊन भडाभडा ओकले, पोटात काही नसताना. मी पाठ चोळायला गेले तर म्हणाले, "हात लावू नका वहिनी, मला गाद्यांचा वास येतोय." स्वतःच्याच अंगाची किळस! चौथ्यांदा अंघोळ करून आलेला माणूस हो.

मलाही राग यायचा. भावजींचा कमी, त्या सुट्टीचा जास्त. सगळं गाव पोट फुटेस्तोवर खात होतं, दुसऱ्याच्या गाद्या खराब करत होतं, एकमेकांच्या गळ्यात पडून फोटो काढत होतं, आणि घरोघरी बायका मोरीत नळ सोडून उभ्या होत्या. ह्याला म्हणे मजा. मला तर त्या दिवसांत रस्त्यावरून चालताना प्रत्येक उजेड असलेल्या खिडकीकडे बघून नाक मुरडावंसं वाटायचं.

एका सकाळी भावजी दुकानाला कुलूप लावून वर आले. भर मोसमात कुलूप! म्हणाले, "वहिनी, तुम्ही चला बरोबर. मला बोलता येत नाही."

साहेबांचं घर म्हणजे काय विचारता. पॉलिश केलेल्या फरशा, प्रत्येक कोपऱ्यात फुलदाणी, आणि भर थंडीत घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या. साहेबांनी दार उघडलं आणि दारातच उभे राहिले, आत या म्हणाले नाहीत.

भावजींनी वाटेत मी शिकवलेलं सगळं गिळलं. "चूक झाली," एवढंच म्हणाले.

"चूक? माझ्या बायकोचा अपमान केलात तुम्ही. तुमच्यासारख्यांच्या घरी आलो हीच चूक."

तेवढ्यात मागून साहेबीणबाई आल्या. नवऱ्याला म्हणाल्या, "बाजूला व्हा. त्यांना आत येऊ द्या."

"तू मध्ये बोलू नकोस."

"मीच बोलणार. गादी मी भिजवली होती." बाई थांबल्या नाहीत. "आणि पावडर मीच मारली होती. या घरात किती दिवस चाललंय हे तुम्हाला ठाऊक नाही? मी खोलीत आले की तुम्ही उठून खिडकी उघडता. सून आली की दुसरी उघडते. नातवंडं माझ्या मांडीवर बसत नाहीत. खोलीखोलीत अत्तराच्या बाटल्या ठेवल्यात. पण एकाने तोंडाने सांगितलं नाही, की बाई, तुला काही त्रास होतोय का. या माणसाने निदान सांगितलं तरी."

साहेब खिडकीकडे बघायला लागले. खरंच, उघड्या खिडकीकडेच! मला त्या माणसाची जेवढी किळस आली तेवढी कुठल्या गादीची आली नव्हती.

बाईंनी भावजींना विचारलं, "तुमच्याकडे असं होतच असेल. काय करता?"

आणि मग मी एक नवलच पाहिलं. संत्र्याची साल खिशातच राहिली. भावजी त्यांच्या अगदी समोर, हातभर अंतरावर बसले आणि समजावून सांगायला लागले. की गादी एकसंध घेऊ नका, तीन तुकड्यांची शिवून घ्या, म्हणजे मधला तेवढाच बाहेर काढता येतो. खाली रबरी कापड, वर जाडसर सुती. पावडर कधीच नको, ती कापसात जाऊन लापशी होते. ओल दिसली की लगेच गार पाणी, गरम नाही. "आणि दवाखान्यात जा," म्हणाले. "बाईडॉक्टरकडे. हे कापसाने सुटायचं काम नव्हे." एकदाही मागे सरकले नाहीत. बाई मान हलवत होत्या, डोळे पुसत होत्या, मध्येच हसल्याही.

धाकटी दाराआडून बघत होती. मी तिच्याकडे पाहिलं. म्हटलं, आता येते पुढे आणि म्हणते चला घरी. कसली! पुढे आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "परक्या बाईशी एवढं जवळ बसून बोलता येतं. मग मी काय घोडं मारलं होतं?"

भावजी म्हणाले, "ते काम होतं. कामात मला काही वाटत नाही. काम संपलं की मग सगळं येतं अंगावर. तुझ्यावर काढतो."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"तू वासाचं विचारलंस. हे कुठं विचारलंस?"

धाकटीने मोठा सुस्कारा सोडला. मग तिथेच साहेबांच्या फुलदाणीशेजारी उभं राहून तिने तिच्या अटी घातल्या. यापुढे मोसमात दारावर ती बरोबर येणार. लोकांशी ती बोलणार. दारात गादी उलगडायची नाही, माणसांच्या देखत हुंगायचं नाही. काय हुंगायचं ते दुकानात आणून. लोक खोटं बोलले तर बोलू देत, धुवायचं तर आपल्यालाच आहे. आणि झोपायचं खोलीत. "येईल तो वास येऊ दे," म्हणाली. "मीही काही फुलांची टोपली नाही आणि तुम्हीही नाही."

भावजी म्हणाले, "बरं."

ते बरे झाले असं मी लिहिणार नाही, कारण झाले नाहीत. खोलीत झोपले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "लागली का झोप?" म्हणाले, "नाही." तिसऱ्या दिवशीही नाही. धाकटी म्हणाली, फळीसारखे कडेला पडून असतात, कूस बदलायची तर परवानगी मागतात. पण खालच्या बाकावर हळूहळू उशा रचल्या जायला लागल्या, आणि मग तो बाक उशांचाच झाला. मोसमात जेवण सुटायचं ते सुटायचंच. फरक एवढाच, की आता ते धाकटीला म्हणायचे, "आज ओकारी येतेय." आणि ती म्हणायची, "मलाही. त्या वकिलाच्या घरून आलेय ना." मग दोघं दुकानाच्या पायरीवर बसून एकेका घराच्या नावाने बोटं मोडायची. वरून ऐकताना मला हसू आवरायचं नाही. इतकी घाणेरडी भाषा मी कुठल्या नवराबायकोच्या तोंडी इतक्या मायेने ऐकली नाही.

असे पुष्कळ मोसम गेले. भावजींचे गुडघे गेले, केस गेले, नाक मात्र होतं तसंच राहिलं. ते गेले तेही एका मोसमाच्या शेवटाला. संध्याकाळी चहा प्यायले, पडतो जरा म्हणाले, आणि खोलीत आपल्या जागी झोपले ते उठले नाहीत. काही दुखणं नाही, कुणाला त्रास नाही. त्या दिवशी सकाळी ते शेवटची गादी आणायला गेले होते. धाकटीने मला नंतर सगळं सांगितलं, म्हणून लिहिते.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. पाहुणे आदल्या दिवशीच गेलेले, जिन्यात रिकाम्या बाटल्या आणि फुटके फुगे. घरातली बाई विस्कटलेल्या केसांनी दारात आली. धाकटी म्हणाली, "झाली ना सुट्टी छान?"

"छान कसली," ती बाई म्हणाली. "दहा जणांचं करता करता मेले. घेऊन जा ही तुमची शेवटची गादी, मला दिसायला नको."

भावजींनी गादी खांद्यावर घेतली, दोरी पुन्हा आवळली, जिना एकेक पायरी बघत उतरले आणि गाडीवर चढवली. मग थांबले. म्हणाले, "उशी राहिली."

"राहू द्या," धाकटी म्हणाली. "उद्या घेऊ."

"गादीबरोबर गेली होती, गादीबरोबर यायला पाहिजे."

परत दोन मजले चढले. बाई म्हणाली, उशी नव्हतीच. भावजी दारात नुसते उभे राहिले. शेवटी आतून कुणीतरी ओरडलं, "अगं, कुत्रा झोपलाय तिच्यावर!" कुत्र्याला उठवलं. उशी केसांनी माखलेली, एक कोपरा चावून ओला केलेला. भावजींनी ती दोन बोटांत धरली, "येतो," म्हणाले, आणि खाली आले. उशी गादीच्या दोरीत खोचली, गाडीचा दांडा उचलला आणि धाकटीला म्हणाले, "मागून जरा हात लाव, चढ आहे."